कोंडा टाकला, मांडा कसा होणार?

अपुऱ्या साधनांत नेटका संसार करणाऱ्या गृहिणीला मराठीत 'कोंड्याचा मांडा करणारी' म्हणतात. धान्याचे सारे सत्त्व पिठात असते आणि कोंडा ही टाकाऊ वस्तू आहे, असा समज त्या वाक्प्रचाराच्या मुळाशी आहे. आधुनिक आहारशास्त्राने हा समज पुरता उलटा केला आहे. ज्याला पिठातले सत्त्व म्हणून गौरविले, ते आज मधुमेहींच्या रक्तात साखर होऊन उतरते आहे. आणि ज्याला चोथा म्हणून हिणवले, तोच आतड्यांचा आणि हृदयाचा राखणदार ठरला आहे. असे असताना शहरी महाराष्ट्रात सध्या घरोघरी पोहोचलेल्या 'लो कार्ब', म्हणजे अल्प कर्बोदकांच्या आहारात एक विपरीत प्रकार घडतो आहे. पीठ टाकण्याच्या भरात कोंडाही टाकला जात आहे.

या आहाराचे सर्वसाधारण रूप परिचयाचे झाले आहे. भात बंद, पोळी बंद, भाकरी बंद, फळे बंद, कडधान्ये जवळजवळ बंद. त्यांच्या जागी पनीर, चीज, अंडी, चिकन, तूप आणि मूठभर बदाम. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वजनाचा काटा झपाट्याने खाली येतो आणि उत्साह दुणावतो. त्या उतरलेल्या वजनात शरीरातून निघून गेलेल्या पाण्याचा वाटा मोठा असतो, हे सहसा कोणी सांगत नाही. महिना उलटतो तसे पोट साफ होईनासे होते. मग रात्री चूर्ण, सकाळी काढा अशी नवी दिनचर्या सुरू होते. कित्येक जण येथेच कंटाळून आहार सोडतात आणि 'हे आपल्याला मानवत नाही' असा निष्कर्ष काढून पुन्हा भाताच्या ढिगाकडे वळतात. वास्तविक न मानवणारी गोष्ट कर्बोदकांची कपात ही नसते. तिच्यासोबत नकळत झालेली चोथ्याची कपात त्यांना भोवलेली असते.

आक्षेप निराधार नाही

कर्बोदके कमी करण्याचा विचार हे केवळ पाश्चात्त्यांचे खूळ आहे, असे म्हणून तो झटकून टाकता येणार नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. याच पाहणीचा आहारविषयक भाग २०२५ साली 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात आला. भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के उष्मांक केवळ कर्बोदकांतून येतात, असे त्यात दिसून आले. त्याहून डोळे उघडणारी बाब अशी की, पांढरा तांदूळ किंवा मैदा यांच्या जागी नुसते गव्हाचे अथवा भरडधान्याचे पीठ आणल्याने मधुमेहाचा धोका घटल्याचे आढळले नाही. एकूण कर्बोदकांत थोडी कपात करून ती जागा डाळी-कडधान्यांतील किंवा दुधातील प्रथिनांना दिली, तर मात्र धोका कमी असल्याचे दिसले.

तेव्हा 'आमची भाकरी निर्दोष, तिला हात लावू नका' हा युक्तिवाद पुरा पडत नाही. शेतात दिवसभर राबणाऱ्याच्या चार भाकऱ्या आणि खुर्चीत दिवसभर बसणाऱ्याच्या चार भाकऱ्या यांचा हिशेब एक असू शकत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ च्या मार्गदर्शक सूत्रांत तृणधान्यांचा वाटा एकूण उष्मांकांच्या ४५ टक्क्यांपर्यंत आणावा, असे सुचविले आहे. कपात हवी, हे मान्य करायलाच हवे. प्रश्न आहे तो कशाची आणि कोणत्या क्रमाने, हा.

चोथ्याचे काम

रसायनशास्त्राच्या दृष्टीने चोथा हेही एक कर्बोदकच आहे. फरक एवढाच, की मनुष्याच्या पाचकरसांना ते फोडता येत नाही. म्हणून त्याची साखर होत नाही. त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार सांगितले जातात. एक पाण्यात न विरघळणारा. गव्हाच्या कोंड्यात, पालेभाज्यांच्या देठांत, शेंगांच्या सालींत तो असतो. मळाला आकारमान देऊन तो पुढे ढकलतो. दुसरा पाण्यात विरघळून बुळबुळीत होणारा. इसबगोल, मेथीदाणे, जवस, गवार, भेंडी यांत तो भरपूर असतो. अन्नातील साखर रक्तात उतरण्याचा वेग तो मंदावतो, पित्तातील आम्लांना धरून शरीराबाहेर नेतो आणि त्यायोगे अपायकारक कोलेस्टेरॉल काहीसे कमी करतो.

याहून महत्त्वाचे कार्य मोठ्या आतड्यात घडते. तेथे नांदणाऱ्या अब्जावधी जीवाणूंचे अन्न म्हणजे हा चोथाच. तो आंबवून ते जी लघुशृंखला मेदाम्ले तयार करतात, त्यांतील ब्युटिरेट हे आम्ल मोठ्या आतड्याच्या अस्तराचे मुख्य इंधन आहे. स्कॉटलंडमधील ॲबरडीनच्या रॉवेट संस्थेने स्थूल व्यक्तींवर केलेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. कर्बोदके अगदी थोड्या प्रमाणात ठेवली असता मळातील ब्युटिरेट आणि ते निर्माण करणारे जीवाणू, दोन्ही लक्षणीय प्रमाणात घटल्याचे त्यात आढळले. यजमानाने पथ्य धरले आणि आतल्या पाहुण्यांची उपासमार झाली, असाच हा प्रकार म्हणायचा!

चोथ्यावाचून माणूस लगेच मरत नाही. जीवनसत्त्वांसारखा तो अनिवार्य घटक नाही, असा युक्तिवाद कडव्या कीटोपंथीयांकडून केला जातो. काही आठवड्यांपुरते पाहिले तर तो खोटाही नाही. परंतु आहार आयुष्यभराचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांनी १८५ दीर्घकालीन पाहण्या आणि ५८ प्रयोग एकत्र अभ्यासून २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष मांडले. सर्वांत कमी चोथा खाणाऱ्यांच्या तुलनेत सर्वाधिक चोथा खाणाऱ्यांमध्ये मृत्यू, हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग यांचे प्रमाण १५ ते ३० टक्क्यांनी कमी होते. अशा पाहण्यांतून कार्यकारणभाव पूर्णपणे सिद्ध होत नाही, हे खरे. पण इतक्या पाहण्यांचा कौल एकाच बाजूला पडत असेल, तर तो डावलणे शहाणपणाचे नाही. प्रौढांनी दिवसाला किमान २५ ग्रॅम चोथा आणि ४०० ग्रॅम भाज्या-फळे खावीत, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली केली ती या पार्श्वभूमीवर.

दोन प्रवाह, दोन वाटा

इतिहासाकडे पाहिले म्हणजे हा घोळ का झाला, ते उमगते. अल्प कर्बोदकांचा आहार लोकप्रिय केला तो लंडनच्या विल्यम बँटिंग या गृहस्थाने. अंत्यसंस्कारांची व्यवस्था पाहणे हा त्याचा व्यवसाय. वैद्याच्या सल्ल्याने पाव, साखर, बटाटे सोडून आपण कसे हलके झालो, याची पुस्तिका त्याने १८६३ साली काढली. पुढे १९७२ साली अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट ॲटकिन्स यांच्या पुस्तकाने याच विचाराची लाट आणली. त्याच दशकात डॉ. डेनिस बर्किट हे आयरिश शल्यविशारद नेमक्या दुसऱ्या टोकाकडून बोलत होते. युगांडात सुमारे वीस वर्षे काढलेल्या बर्किट यांना तेथील ग्रामीण माणसांत बद्धकोष्ठता, मूळव्याध आणि आतड्यांचे युरोपात सर्रास आढळणारे विकार क्वचितच दिसले. त्याचे श्रेय त्यांनी तेथील चोथायुक्त आहाराला दिले आणि १९७९ साली त्यावर सामान्य वाचकांसाठी पुस्तक लिहिले.

एक प्रवाह म्हणाला, पिष्ट कमी करा. दुसरा म्हणाला, चोथा वाढवा. दोन्हींत तसा विरोध नाही. परंतु युरोप-अमेरिकेच्या ताटात चोथा बव्हंशी धान्यातून येतो आणि पिष्टाची जागा घ्यायला तेथे मांस व चीज तयारच असते. त्यामुळे तेथील अल्पकर्बी आहार बहुधा चोथ्याविनाच उभा राहिला. तोच नमुना आपल्याकडे जसाच्या तसा उचलला गेला. पनीर, अंडी, मांस आणि तूप यांत चोथा शून्य असतो, ही साधी गोष्ट विसरली गेली. शाकाहारी कुटुंबांची तर दुहेरी कोंडी झाली. त्यांची प्रथिने ज्या डाळी-उसळींतून येतात, त्यांतच कर्बोदकेही असतात. म्हणून उसळ गेली, की प्रथिने आणि चोथा दोन्ही एकदम जातात.

काढण्याचाही एक क्रम असतो

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या तक्त्यांवरून नजर फिरवली, तरी पुष्कळ गोष्टी स्पष्ट होतात. १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात चोथा ३ ग्रॅमही नाही. मैद्याची गत तीच. त्याउलट ज्वारीत तो सुमारे १० ग्रॅम, बाजरीत आणि गव्हाच्या कोंड्यासहित पिठात सुमारे ११ ग्रॅम. प्रत्येकी ६० ग्रॅम पिठाच्या तीन भाकऱ्या ताटातून उठल्या, तर त्यांच्याबरोबर १८ ग्रॅम चोथा उठून जातो. तेवढ्याच तांदळाचा भात सोडला, तर जेमतेम ५ ग्रॅम जातो. म्हणून कपातीचा क्रम ठरलेला असावा. आधी साखर आणि गोड पेये, मग मैद्याचे पाव-बिस्किट, मग साबुदाणा, मग भात आणि पोहे. भाकरी सर्वांत शेवटी आणि तीही एकदम नव्हे. तीनाची दोन, दोनाची एक अशी. प्रत्यक्षात मात्र भाकरी पहिल्याच दिवशी बंद होते आणि चहासोबतचे बिस्किट 'एकच तर आहे' म्हणून टिकून राहते.

साबुदाण्याचा उल्लेख आला, तेव्हा उपवासाकडेही पाहायला हवे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट. चोथा नावालाही नाही. संयमासाठी सांगितलेल्या दिवशी महाराष्ट्रात आठवड्यातील सर्वाधिक पिष्ट पोटात जाते, हे 'एकादशी आणि दुप्पट खाशी' या म्हणीने कधीच सांगून ठेवले आहे. ज्या घरांत चालते तेथे राजगिऱ्याची पालेभाजी, लाल भोपळ्याचे भरीत, दाण्याचे कूट घातलेली काकडीची कोशिंबीर, ओले खोबरे हे पदार्थ उपवासाचे सात्त्विक प्रयोजनही साधतात आणि आरोग्याचेही.

ताटाची डावी बाजू

ताट वाढण्याची मराठी रीत या प्रश्नाचे उत्तर आपल्या मांडणीतच बाळगून आहे. मध्यभागी भात, पोळी किंवा भाकरी. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचे, लिंबू. गेल्या दोन पिढ्यांत मधला भाग फुगला, डावी बाजू चमचाभर उरली आणि भाजी पोळीला लावण्यापुरती झाली. मधला भाग आटोक्यात आणायचा तर कडेचे दोन्ही भाग वाढलेच पाहिजेत. चमचाभर कोशिंबिरीची मोठी वाटी व्हावी, भाजी दुप्पट व्हावी. नुसती वजाबाकी म्हणजे आहार नव्हे.

आणि या कडेच्या पदार्थांत काय नाही? १०० ग्रॅम जवसात सुमारे २९ ग्रॅम कर्बोदके आहेत. पण त्यांतील २६-२७ ग्रॅम निव्वळ चोथा. म्हणजे साखर होणारा भाग अगदीच नगण्य. सुक्या खोबऱ्यात सुमारे १६ ग्रॅम, शेंगदाण्यात ८ ते १० ग्रॅम चोथा असतो. विदर्भ-मराठवाड्यातील जवसाची चटणी, कारळ्याची, तिळाची, शेंगदाण्याची चटणी हे अल्पकर्बी आणि चोथायुक्त असे दोन्ही गुण एकत्र असलेले पदार्थ आहेत. मूळच्या मेक्सिकोकडच्या चियाच्या बिया वाईट नाहीत. पण त्या महागड्या पाकिटातून आणणाऱ्या घरात जवसाचा डबा रिकामा असावा, याला काय म्हणावे? भाज्यांत शेवग्याचा पाला १०० ग्रॅमला सुमारे ८ ग्रॅम, मेथी आणि गवार सुमारे ५ ग्रॅम, भेंडी, वांगी, फरसबी ४ ग्रॅमच्या आसपास चोथा देतात. पावसाळ्यात कोकणात आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात उगवणारा टाकळा (गोव्यात त्यालाच तायखिळो म्हणतात), कुर्डू, भारंगी, करटोली या रानभाज्याही याच पंक्तीतल्या. भोगीच्या दिवशी होणारी पावटा, वांगी, ओला हरभरा, गाजर, शेंगदाणे आणि तीळ यांची लेकुरवाळी भाजी वर्षातून एकदाच का व्हावी, याला परंपरेत काही उत्तर नाही.

एका दिवसाचा हिशेब

हे सारे व्यवहारात कसे बसते, याचा ढोबळ हिशेब मांडता येतो. दिवसभरात १५० ग्रॅम गवारीची भाजी (७ ग्रॅम चोथा), तितकीच मेथी किंवा अन्य पालेभाजी (६ ग्रॅम), दाण्याचे कूट घातलेली काकडी-कोबीची मोठी वाटी कोशिंबीर (५ ग्रॅम), दोन चमचे जवसाची चटणी (४ ग्रॅम), ४० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ (६ ग्रॅम), एक लहान पेरू (किमान ५ ग्रॅम) आणि ४० ग्रॅम पिठाची एक लहान ज्वारीची भाकरी (४ ग्रॅम). बेरीज ३७ ग्रॅम. दोन पेले ताक धरूनही यातील पचणारी कर्बोदके ९० ग्रॅमच्या आसपास राहतात. दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके असली, की त्या आहाराला सर्वसाधारणपणे अल्पकर्बी म्हटले जाते. प्रथिनांसाठी पनीर, अंडी वा मासे यांना येथे पुरेशी जागा उरते. ज्यांना वैद्यकीय सल्ल्याने ५० ग्रॅमच्या आत राहायचे आहे, त्यांनी उसळ आणि भाकरी वगळली, तरीही २७ ग्रॅम चोथा शिल्लक राहतो. म्हणजे 'अल्पकर्बी आहारात चोथा मिळणे शक्य नाही' हे विधान मराठी स्वयंपाकघरापुरते तरी खरे नाही.

काही पथ्ये मात्र पाळावी लागतात. चोथा एकदम वाढवला, तर पोट फुगते. तो दोन-तीन आठवड्यांत क्रमाक्रमाने वाढवावा. जवस भाजून कुटूनच खावेत, अख्खे तसेच बाहेर पडतात. कर्बोदके कमी होताच शरीरातून पाणी आणि मीठ अधिक प्रमाणात जाते; अशा वेळी पाणी वाढवले नाही, तर चोथाच बद्धकोष्ठतेत भर घालतो. पाणी आणि ताक यांची जोड म्हणूनच हवी. ज्यांना मीठ वर्ज्य नाही, त्यांनी ताकात चिमूटभर घालण्यास हरकत नाही. इसबगोल हा उत्तम आधार आहे, पण तो भरपूर पाण्यासोबत आणि इतर औषधांपासून अंतर ठेवून घ्यावा. मधुमेहावर इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी, मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज कर्बोदकांत मोठी कपात करू नये. औषधाची मात्रा तीच आणि पिष्ट निम्मे, अशाने रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

बाजार आणि घर

दोन गोष्टी व्यक्तीच्या हातापलीकडच्या आहेत. पहिली बाजाराची. पाकीटबंद पदार्थांवर उष्मांक, प्रथिने, कर्बोदके, साखर, स्निग्धांश, सोडियम यांचे आकडे छापणे २०२० च्या नियमांनी बंधनकारक आहे. चोथ्याचा आकडा त्या सक्तीच्या यादीत नाही. याउलट १०० ग्रॅममागे ६ ग्रॅम चोथा असला, की 'हाय फायबर' असा ठळक दावा करण्याची मुभा आहे. ज्वारीच्या साध्या पिठात याहून अधिक चोथा असतो. पण त्याची जाहिरात करणारा कोणी नाही. चोथ्याचा आकडा प्रत्येक पाकिटावर सक्तीचा करावा, ही मागणी ग्राहक संघटनांनी अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाकडे लावून धरायला हवी. मधुमेहाने ग्रासलेल्या देशात ती चैनीची मागणी नव्हे.

दुसरी गोष्ट घराची. ताटातून पालेभाजी नाहीशी झाली ती चवीमुळे नव्हे, ती निवडायला लागणाऱ्या अर्ध्या तासामुळे. नोकरी करून घरी आलेल्या स्त्रीने मेथीची जुडी निवडावी, गवारीच्या शिरा काढाव्यात आणि शिवाय पतीचे पथ्यही सांभाळावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. ज्याला वजन उतरवायचे आहे, त्याने परात पुढे ओढून भाजी निवडायला बसावे. आहाराची शिस्त तेथून सुरू होते.

दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधीच्या सालींची चटणी, अळूची देठी ही नावे मराठी घरांत आजही लोकांना ठाऊक आहेत. दुसऱ्यांनी फेकून दिले असते, त्यातून ताटाची डावी बाजू सजविणाऱ्या बायकांनी ब्युटिरेटचे नाव ऐकले नव्हते. त्यांनी काटकसर म्हणून जे केले, ते आज आरोग्य म्हणून करावे लागणार आहे. पिष्ट खुशाल कमी करावे. कित्येकांना ते करावेच लागेल. कोंडा तेवढा ताटात ठेवावा.